सामाईक टाकी, खासगी मीटर

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये खर्चाच्या वाटणीचं एक कलम आहे. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्यानं, आणि पाण्याचे पैसे? ते प्रत्येक सदनिकेला किती नळजोड आहेत आणि ते केवढ्या मापाचे आहेत, त्या प्रमाणात. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आणि तिसऱ्या मजल्यावरचं सहा माणसांचं बिऱ्हाड, दोघांच्या घरात नळ सारखेच असले तर पैसेही सारखेच. वर्षाच्या सर्वसाधारण सभेत यावरून कुणीतरी हमखास उठतं आणि म्हणतं, "आम्ही आमचा वेगळा मीटर लावून घेतो. वापरू तेवढे पैसे भरू."

हे कलम कुणा आळशी कारकुनानं लिहिलंय असं वाटतं. तसं नाही. नळाच्या तोंडावरून पाणी मोजायची ही रीत किमान १,९०० वर्षं जुनी आहे, आणि एके काळी खुद्द रोम शहराचा पाणीपुरवठा तिच्यावर चालत होता.

इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्वानं सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस या मुरलेल्या अधिकाऱ्याकडे रोमचं पाणीखातं सोपवलं. त्याआधी तो ब्रिटनचा सुभेदार राहिलेला. हाताखालची माणसं सांगतील त्यावर मान डोलवत कारभार करणं त्याला लाजिरवाणं वाटायचं, म्हणून त्यानं सगळी माहिती स्वतः गोळा केली आणि लिहून काढली. ते लिखाण आजही वाचायला मिळतं. त्यावरून कळतं ते असं: घराला पाणी मंजूर झालं की वाटपाच्या टाकीच्या भिंतीत ठरावीक व्यासाची काशाची तोटी बसवत आणि तिच्यावर शिक्का मारत. मापाचं एकक होतं क्विनारिया, म्हणजे सव्वा रोमन अंगुळाची, आजच्या हिशेबानं सुमारे २.३ सेंटिमीटर व्यासाची नळी. मंजुरी मोठी असली तर जास्त क्विनारिया, लहान असली तर कमी. बस्स. आपल्या उपविधीतलं "नळजोडांची संख्या आणि माप" याहून वेगळं काही सांगत नाही.

फ्रॉन्टिनसनं जमाखर्च मांडला आणि चक्रावला. दप्तरात शहराकडे येणारं पाणी होतं १२,७५५ क्विनारिया, तर वाटलेलं पाणी १४,०१८. आलं त्यापेक्षा दिलेलं जास्त, तेही १,२६३ नं! मग तो उगमापाशी गेला, तिथं मापं घेतली, तर दप्तरापेक्षा दहा हजारांच्या आसपास क्विनारिया पाणी जास्तच येत होतं. शिक्का नसलेल्या तोट्या, मंजुरीपेक्षा मोठ्या तोट्या, मालक बदलल्यावरही न काढलेल्या जुन्या तोट्या, आणि रस्त्याखालच्या नळांना भोकं पाडून परस्पर विकलेलं पाणी, असा सगळा पसारा त्याला सापडला. भोकं पाडण्याच्या धंद्यावर देखरेख करणारा एक इसमही होता. पाणीखात्याचं दप्तर, टँकर आणि चोरजोड यांची बातमी वाचणाऱ्याला यात परकं काही वाटू नये.

पण चोर पकडूनही फ्रॉन्टिनसचा हिशेब जुळला नसता. कारण भोकाचं क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे. एकाच मापाच्या दोन तोट्या घ्या. एक टाकीच्या तळाशी बसवा, एक काठाजवळ. तळाची तोटी कितीतरी जास्त पाणी ओकेल, कारण तिच्यामागे पाण्याचा दाब आहे. वेगानं येणारं पाणी जास्त भरतं हे फ्रॉन्टिनसला ठाऊक होतं, तसं त्यानं लिहिलंय. ते आकड्यात कसं आणायचं हे मात्र त्याला उमगलं नाही. गंमत अशी की अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं ते लिहून ठेवलेलं होतं. झऱ्याचं पाणी मोजायला धारेची रुंदी-खोली पुरत नाही, वेगही लागतो. त्यासाठी पाणी एका खड्ड्यात साठू द्या, सूर्यघड्याळावर वेळ बघा, आणि तेवढ्या वेळात किती साठलं ते मोजा. पद्धत अगदी बिनचूक आहे. पण घरातला नळ दिवसातून पन्नास वेळा उघडतो, कधी अर्धा, कधी पुरा, कधी नुसता ठिबकतो. प्रत्येक वेळी घड्याळ घेऊन शेजारी उभं कोण राहणार?

त्याचं उत्तर मिळायला १९ वं शतक उजाडावं लागलं. पाण्यालाच कामाला लावायचं, हे ते उत्तर. वाहता वाहता त्यानं एक चक्र फिरवावं आणि चक्रानं आपले फेरे मोजत राहावं. इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झालेला जर्मन अभियंता विल्हेल्म सीमेन्स यानं १८५१ मध्ये असा मीटर आणला आणि तो इतका खपला की त्याच्या रॉयल्टीवर पुढची कितीतरी वर्षं त्याचे बाकीचे प्रयोग चालले.

आज प्लंबिंगच्या दुकानात अर्ध्या इंची जोडाचा जो पितळी मीटर मिळतो, तो हातात घेऊन बघावा. अंगावर बाण कोरलेला असतो, काचेवर झाकण असतं, आत काळे आकडे घनमीटरचे आणि लाल आकडे त्याखालच्या लिटरांचे. वीज नाही, बॅटरी नाही. तरी तो दहा-दहा वर्षं एकही सुट्टी न घेता बेरीज करत राहतो. आत बघायला गेलं तर पाणी सरळ चक्रावर आदळत नाही. आधी ते एका जाळीदार टोपलीत शिरतं, टोपलीच्या भिंतीला गोलाकार तिरकी भोकं असतात, आणि त्यांतून निघालेल्या अनेक बारीक धारा चारी बाजूंनी मधल्या पात्याच्या चक्राला ढकलतात. एकाच बाजूनं ढकललं असतं तर चक्राचा आस एका अंगानं झिजला असता. सगळीकडून सारखं ढकलल्यानं तो जणू पाण्यातच तरंगत फिरतो. म्हणून याला मल्टिजेट म्हणतात.

आता खरी करामत पुढे आहे. चक्र पाण्यात आहे आणि आकड्यांची चाकं वर कोरड्या, बंद डबीत आहेत. मधे भक्कम भिंत, तिला भोक नाही, कारण भोक पडलं की पाणी आत जाणार आणि काच धुरकटणार. मग फेऱ्यांची खबर भिंतीपलीकडे जाते कशी? चक्राच्या डोक्यावर एक छोटा लोहचुंबक असतो, भिंतीपलीकडे डबीत दुसरा. खालचा फिरला की वरचा त्याच्यामागे फिरतो. एकमेकांना कधीही न शिवता दोघं आयुष्यभर एका लयीत फिरत राहतात, आणि वरच्याला जोडलेली दातेरी चाकं हजारो फेऱ्यांचं एक घनमीटर करून आकडा पुढे सरकवतात. आता यातली खोडी वाचकांतल्या काहींच्या लक्षात आलीच असेल. बाहेरून मोठा चुंबक चिकटवला तर ही जोडी बिथरेल. म्हणून चांगल्या मीटरमध्ये चुंबकाभोवती लोखंडी कडं घालून बाहेरच्या चुंबकाचा प्रभाव अडवलेला असतो.

मीटरची दुसरी जात आहे ती फिरत्या दट्ट्याची. तीत पाणी चक्र ढकलत नाही, तर एका ठरावीक आकाराच्या खोलीतून गटागटानं पुढे जातं. शेरा-पायलीनं धान्य मोजावं तसं. तिला अगदी बारीक धारही कळते. पण आपल्याकडच्या पाण्यातला गाळ, गंज आणि पाइपलाइनच्या कामानंतर येणारी रेती तिच्या घट्ट खोलीत अडकते आणि मीटरबरोबर नळही बंद पडतो. मल्टिजेट थोडा ढोबळ, पण सोशीक. आपल्याकडे तोच जास्त दिसतो, आणि मला वाटतं योग्यच आहे.

तो ढोबळ म्हणजे किती? अर्ध्या इंचाच्या, ज्याला १५ मिलिमीटरचा म्हणतात, त्या मीटरचा नाममात्र प्रवाह ताशी दीड घनमीटर असतो, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. क्लास बी दर्जाच्या मीटरनं ताशी १२० लिटरच्या वर दोन टक्क्यांहून जास्त चुकायचं नाही, आणि ताशी ३० ते १२० लिटर या पट्ट्यात पाच टक्क्यांहून जास्त नाही. ताशी ३० लिटरच्या खाली? तिथं मानक काहीच वचन देत नाही. पाण्याचा जोर इतका कमी असतो की दातेरी चाकांचं घर्षण जिंकतं. चक्र रेंगाळतं, आणि आणखी खाली गेलं की थांबतंच. पाणी पात्यांच्या फटींतून हळूच निसटून जातं.

आता ताशी ३० लिटर म्हणजे फार थोडं असं वाटेल. हिशेब करून बघा. कमोडच्या टाकीचं रबर खराब होऊन ताशी १५ लिटर पाणी गुपचूप भांड्यात उतरत असेल, तर दिवसाला ३६० लिटर. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी निकष आहे. म्हणजे अडीच माणसांहून जास्त पाणी फक्त एक रबर पिऊन टाकतं, आणि मीटर त्यातलं थोडंच पाहतो. २८ दिवसांत ते १०,०८० लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. नळाचं ठिबकणं त्या मानानं किरकोळ आहे. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास. आवाजामुळे आपण ठिबकणाऱ्या नळावर चिडतो. कमोड काहीच आवाज करत नाही.

म्हणून मीटर बसवल्यावर पहिलं काम बिलाचं नसावं. रात्री घरातले सगळे नळ बंद करावेत आणि डबीतल्या त्या छोट्या तारकेकडे किंवा लाल त्रिकोणाकडे दोन मिनिटं टक लावून बघावं. आकडे हलत नसले तरी ती हलते. कणभर जरी फिरली, तरी घरात कुठेतरी पाणी जातंय.

हे झालं मीटरचं. आता तो बसवायचा कुठे? इथं "आमचा वेगळा मीटर" म्हणणाऱ्यांची पहिली फजिती होते. इंग्लंडातल्या घरात रस्त्यावरून एक नळ आत येतो, त्यावर एक मीटर लावला की काम झालं. आपल्या इमारतीत पालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि मग डाउनटेक पाइपांनी खाली उतरतं. हे डाउनटेक घरांप्रमाणे नव्हे तर खोल्यांप्रमाणे असतात. एक सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांतून जातो, एक न्हाणीघरांतून, एक संडासांच्या फ्लशचा. दोन बेडरूमच्या घराला सहज तीन-चार इनलेट असतात. घर एक, पाण्याचे उगम चार. म्हणजे मीटर चार, किंवा मग घरातलं सगळं प्लंबिंग तोडून एका तोंडाशी आणायचं. फ्लशच्या लाइनवर टाकी नसून थेट फ्लश व्हॉल्व्ह असेल तर तिथं अर्ध्या इंची मीटर चालतच नाही. तो व्हॉल्व्ह काही सेकंदांत मिनिटाला साठ लिटरच्या वरच्या वेगानं पाणी ओढतो, आणि मीटरची कमाल क्षमता असते मिनिटाला ५० लिटर. फ्लश केला की नुसतं गुळगुळेल.

शिवाय हे सगळे इनलेट असतात शाफ्टमध्ये, म्हणजे न्हाणीघरांच्या खिडक्या जिथं उघडतात त्या अंधाऱ्या बोळकांडीत. तिथं कबुतरांची वस्ती. प्लंबर दोरीवर लोंबकळत तिथं उतरतो, डाउनटेकच्या टीनंतर आणि घरात शिरण्याआधी पाइप कापतो, आटे पाडतो, टेफ्लॉन गुंडाळून मीटर बसवतो. बाणाची दिशा, आडवी बैठक, काच आकाशाकडे. मीटर उभा बसवला तर बहुतेक मल्टिजेटचा दर्जा एक पायरी उतरतो, कारण चक्राचं वजन आसाच्या कडेवर येतं आणि बारीक धारेला ते हलत नाही. नवं बांधकाम असेल तर आधी पाइप वाहू देऊन सिमेंटचे कण काढून टाकावे लागतात, नाहीतर जाळी पहिल्याच दिवशी तुंबते.

आणि सगळ्यात वरच्या मजल्याचं काय? सामाईक टाकीचं भौतिकशास्त्र तिथं अगदी उघडं पडतं. टाकीतल्या पाण्याचा दाब केवळ उंचीतून येतो. साधारण ३३ फुटांना एक बार. तळमजल्यावर तो भरपूर. पण गच्चीच्या लगेच खालच्या घरात टाकीचा तळ आणि नळ यांत बारा-तेरा फुटांचंच अंतर असतं, शॉवरला तर आठ-नऊच. मीटर हा शेवटी एक अडथळा आहे, आणि अडथळ्यातली घट प्रवाहाच्या वर्गानं वाढते. कमाल प्रवाहाला, म्हणजे मिनिटाला ५० लिटरला, मानकानं एक बारपर्यंत घट चालवून घेतली आहे. प्रवाह निम्मा केला की घट चौथा हिस्सा: पाव बार, म्हणजे सव्वाआठ फूट उंचीचं पाणी. एका मिनिटात १५ लिटरची बादली भरणाऱ्या धारेला तीन फूट. तळमजल्यावरच्या माणसाला मीटर बसलेला कळतही नाही. वरच्या मजल्यावरच्यांचा शॉवर मात्र रुसतो. एकाच इमारतीत, एकाच ठरावानं, एकाच कंपनीचा मीटर लावूनही हे व्हायचंच. उपाय एवढाच की वरच्यांना पाऊण इंची मीटर द्यावा, किंवा अडथळाच नसलेला. त्या दुसऱ्या प्रकाराकडे नंतर वळू.

आता समजा दहा घरांच्या सोसायटीत एकानंच हौसेनं मीटर लावला. पालिकेच्या मुख्य मीटरवर महिन्याला दोन लाख लिटर. समान वाटणीत प्रत्येकाचे वीस हजार. याचा मीटर दाखवतो नऊ हजार. तो म्हणतो, माझे नऊ हजारांचे पैसे घ्या. ठीक आहे, उरलेले १,९१,००० बाकीच्या नऊ जणांत, म्हणजे प्रत्येकी २१,२२२. फार फरक नाही, कुणी भांडत नाही. त्याचं बघून हळूहळू नऊ जण मीटर लावतात. प्रत्येकाचा सरासरी १५,०००, एकूण १,३५,०००. आता दहाव्याच्या वाट्याला येतात पासष्ट हजार! तो बिचारा काही हत्ती पाळत नाही. त्याच्या खात्यावर आता गच्चीची टाकी भरून वाहिली ते पाणी आहे, जिन्याची धुलाई आहे, बागेची झाडं, वॉचमनचा नळ, टाकी धुण्यासाठी ओतलेलं पाणी, आणि बाकीच्या नऊ कमोडांतून ताशी ३० लिटरच्या आतल्या धारेनं गेलेलं, कुठल्याच मीटरनं न पाहिलेलं सगळं पाणी. पहिला मीटर लावणारा नेहमी फायद्यात असतो आणि शेवटचा न लावणारा सगळ्यांची गळती भरतो. म्हणून एकट्यादुकट्यानं मीटर लावण्याला माझा विरोध आहे. लावायचे तर सगळ्यांनी एकाच महिन्यात लावावेत आणि तुटीसाठी सामाईक खर्चाचं वेगळं खातं उघडावं.

कारण तूट येणारच. मुख्य मीटर आणि घरोघरच्या मीटरांची बेरीज कधीच जुळत नाही. बहुतेक वेळा बेरीज कमी भरते, त्याची कारणं वर आली. पण कधी ती जास्तही भरते, आणि मग सभेत एकच गोंधळ उडतो. फ्रॉन्टिनसलाही हेच दिसलं होतं. आपल्याकडे पहिलं कारण टँकर आणि बोअर. ते पाणी टाकीत थेट पडतं, पालिकेच्या मीटरला त्याचा पत्ताही नसतो, पण घरातले मीटर ते इमानानं मोजतात. दुसरं कारण हवा. गच्चीची टाकी रिकामी झाली की डाउनटेकमध्ये हवा भरते. पंप चालू होऊन टाकी भरली की पाणी खाली उतरताना ती हवा उघड्या नळांतून हुसकून लावतं, आणि फुसफुसत जाणारी हवा पात्यांना पाण्याइतकीच आवडते. चक्र गरगरतं, आकडा सरकतो, आणि घरमालक हवेचे पैसे भरतो. दिवसातून तासभर पाणी सोडणाऱ्या गावांत घरगुती मीटरांवर लोकांचा विश्वास बसत नाही, त्यात याचा वाटा मोठा आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं घरोघरी मीटर लावले ते चोवीस तास पाणीपुरवठ्याबरोबर. पाइप कायम भरलेला राहिला तर मोजायला हवाच उरत नाही.

तिसरं कारण विचित्रच आहे. टाकी धुवायला वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पहिल्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर डाउनटेकमधलं पाणी खाली उतरताना वरच्या घरांतल्या पाइपांतलं, कधी गीझरमधलंही, पाणी उलटं ओढून घेतं. वरच्या घरचा मीटर उलटा फिरतो, पण गेलेलं सगळं पाणी तो वजा करेलच असं नाही. न केल्यास चौथ्या मजल्यावर मोजून घेतलेलं पाणी पहिल्या मजल्यावर दुसऱ्यांदा मोजलं जातं. मीटरनंतर एक साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हे थांबतं. तो न बसवता पैसे वाचवणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये.

आता तो अडथळा नसलेला मीटर. त्यात फिरणारं काहीच नाही. पाइपात दोन टोकांना दोन इवलीशी कानं बसवलेली असतात. एकानं आवाज करायचा, दुसऱ्यानं ऐकायचा, मग उलट. आवाज अर्थातच आपल्याला ऐकू येणार नाही इतका उंच. पाणी स्थिर असेल तर दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागतो. पाणी वाहत असेल तर प्रवाहाबरोबर जाणारा आवाज किंचित आधी पोहोचतो, प्रवाहाविरुद्ध जाणारा किंचित उशिरा. या दोहोंतला फरक म्हणजे पाण्याचा वेग.

किंचित म्हणजे किती? पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो. दोन कानांत दहा सेंटिमीटर अंतर धरलं तर हा प्रवास एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे ६८ भागांत संपतो. मल्टिजेट जिथं डोळे मिटू लागतो त्या ताशी ३० लिटरच्या धारेला अर्ध्या इंचाच्या पाइपात पाण्याचा वेग असतो सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर. त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो साधारण चार नॅनोसेकंदांचा. चार नॅनोसेकंदांत प्रकाशसुद्धा सव्वा मीटरच्या आसपासच जातो, एखाद्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कबुतरांच्या घाणीत, दमट शाफ्टमध्ये लटकलेली एक डबी छोट्याशा बॅटरीवर दहा-दहा वर्षं हा फरक पुन्हा पुन्हा मोजत राहते, आणि आपण तिला विचारतो काय, तर या महिन्यात किती बादल्या झाल्या! फ्रॉन्टिनसला जे आकड्यात आणता आलं नाही, ते हेच.

या मीटरला वरच्या मजल्याचा दाब फारसा खर्च होत नाही, ताशी ३० लिटरच्या खालची गळतीही त्याला बरीचशी कळते, आणि पाइप रिकामा असेल तर आवाज पोहोचतच नसल्यानं तो मोजणी थांबवतो, म्हणजे हवेचे पैसे लागत नाहीत. मात्र त्याच्या आधी पाइपचा थोडा सरळ तुकडा सोडावा लागतो. एल्बोच्या लगेच पुढे बसवला तर वळणावर भोवंडलेलं पाणी त्याला फसवतं. आणि तो महाग असतो. गुणिले चार इनलेट. गुणिले सगळी घरं. जिथं वर्षभर पालिकेचंच पाणी पुरतं आणि ते स्वस्त असतं, तिथं एवढा खर्च कधी वसूल होईल हे कागदावर मांडून बघावं. उत्तर अनेकदा निराश करणारं येतं. जिथं फेब्रुवारीपासून टँकर लागतात तिथं मात्र एका उन्हाळ्यात चित्र पालटू शकतं.

शाफ्टमध्ये दर महिन्याला वाकून बघायला कुणी जात नाही, म्हणून नवे मीटर रेडिओनं रीडिंग पाठवतात. सगळ्या घरांचे आकडे एकाच मिनिटाचे मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. नाहीतर पालिकेचं रीडिंग बारा तारखेचं, घरांचं एक तारखेचं, आणि तूट शोधायला कमिटी अर्धा दिवस बसलेली. पण हाच मीटर तासातासाचा आकडाही ठेवू शकतो. त्यातून दिसतं की तिसऱ्या मजल्यावरचे काका पहाटे चारला आंघोळ करतात, कोणाचं घर गेले आठ दिवस बंद आहे, आणि कोणाकडे पाहुणे येऊन राहिलेत जे सभासद यादीत नाहीत. एकट्या राहणाऱ्या आजींनी सकाळपासून नळच उघडला नाही, हेही दिसतं, आणि त्या दिवशी कुणी जाऊन बेल वाजवली तर बरंच होईल. सेक्रेटरीच्या मोबाइलवर यातलं किती जावं, हे ठराव लिहितानाच ठरवून घ्यावं: सोसायटीला महिन्याचं एक रीडिंग आणि सतत चालू राहिलेल्या गळतीचा इशारा, बाकी तासातासाचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरी. अशा ठरावांत मीटरची किंमत, कंपनी, हमीची वर्षं सगळं असतं. हे एवढं वाक्य बहुधा नसतं.